घोट्याचं माप

ता. ३, सोमवार

दवाखान्यानं मला एक छापील वही दिली आहे. रोज सकाळी भरायची. धाप लागली का, चक्कर आली का, घोट्याचा घेर किती. शेवटी ‘इतर काही’ म्हणून एक चौकट, माझ्या अंगठ्याएवढी. एवढ्या जागेत माझं इतर काही मावायचं नाही, म्हणून ही दुसरी वही. ही कुणाला दाखवायची नाही. माझी शाळा चौथीत सुटली, तेव्हा शुद्धलेखन तपासायलाही कुणी येऊ नये.

दीड वर्ष झालं, माझं हृदय थकलंय. बंद पडलेलं नाही, पण पंप नीट मारत नाही. पाणी पायात उतरतं आणि छातीत चढतं. झोपायला तीन उशा लागतात. माझं काम शिवणाचं. तीस वर्षं गणवेश शिवते, शाळांचे आणि दवाखान्यांचे. पूर्वी दिवसाला चाळीस कॉलर लावायचे, आता दहा लावल्या की कुत्र्यासारखी धापते. मशीनवर आच्छादन घालून बसायचं माझं वय नाही. म्हणून इथे, नव्या औषधाच्या चाचणीला आले.

आज डॉक्टरीणबाईंनी समजावून सांगितलं. पोरगी माझ्या लेकीएवढी आहे, पण सांगते नीट.

“काकू, हृदय दमलं की स्वतःच एक पदार्थ सोडतं. प्रथिनाचा बारका तुकडा. तो नसा सैल करतो, जादाचं पाणी बाहेर काढतो. पण रक्तात तो काही मिनिटांतच तुटून जातो. म्हणून आम्ही तसाच तुकडा कॉम्प्युटरवर नव्यानं बेतलाय. जास्त वेळ टिकणारा.”

“बेतलाय म्हणजे मापानं?”

“एकेक कडी मोजून.”

हे मला पटलं. रेडीमेड औषधं दीड वर्ष घालून बघितली, एकही अंगाला नीट बसलं नाही.

“आधी कुणी घातलंय का हे?”

“आधी धडधाकट माणसांना दिलं. मग तीन आजारी माणसांना कमी डोस. आता डोस दुप्पट आणि त्यात तुम्ही पहिल्या. तुम्हाला काही झालं नाही तर दोन आठवड्यांनी पुढच्याला.”

“आणि झालं तर?”

“तर सगळ्यांचंच थांबवायचं. म्हणून तर वहीत खरं तेच लिहायचं.”

मी म्हटलं, खोटं बोलायला वेळ लागतो, तो माझ्याकडे नसतो.

माझा नंबर चार. पण दुप्पट डोसात पहिली मीच.

ता. ४, मंगळवार

पोटाला सुई टोचली. डास चावला असता तर जास्त कळलं असतं. दूध उतू जाईल म्हणून बघत बसावं तशी तीन माणसं दिवसभर माझ्याकडे बघत होती. उतू काही गेलं नाही. सहा वेळा मात्र लघवीला गेले आणि ती सगळी मोजली. जगात कशाकशाची नोकरी असते.

ता. ६, गुरुवार

वन्सं आल्या होत्या. दारातूनच सुरू.

“काय वहिनी, उंदरं संपली म्हणून तुला बोलावलं का?”

“उंदरांना सही करता येत नाही, वन्सं.”

“आमच्या घरात कुणी असलं केलं नव्हतं.”

“तुमच्या घरात कुणी काहीच केलं नव्हतं.”

हे मधे बसून छताचा पंखा बघत होते. बहिणीचं आणि बायकोचं जुंपलं की यांना नेहमी पंखा दिसतो. वन्संनी मिठाशिवायचं सूप आणलं होतं. दोन बसमधून पिशवी मांडीवर धरून आणलं म्हणे, सांडू नये म्हणून. बेचव होतं. त्या समोर बसून राहिल्या म्हणून दोन वाट्या प्यावं लागलं.

ता. ८, शनिवार

घरी सोडलं. सुई आता पेनासारखी आहे, रोज सकाळी आपली आपण टोचायची. वजन घरी करायचं नाही. आमची फरशी एवढी उंचसखल आहे की काटा रोज वेगळं बोलेल. ते आठवड्यातून एकदा दवाखान्यातच. पण घोट्याचा घेर रोज मापायचा. निघताना सिस्टरनं मापला, पंचवीस सेंटिमीटर.

मग तिनं मला कागदाची फीत दिली आणि घरी कसं मापायचं ते दाखवायला लागली. कागदाची फीत. मी म्हटलं, “बाई, तुझ्या अंगातला हा कोट कुणी शिवलाय ते कॉलरच्या आतली पट्टी उलटून बघ.” तिनं उलटली. माझ्या नावाची पट्टी. हसत सुटली. म्हणाली, “मावशी, मग तुम्हाला काय शिकवायचं.” आणि फीत खिशात टाकली.

ता. ९, रविवार

घेर साडेसत्तावीस. काल दोन जिने चढले, त्यानं सुजला असणार. लिहून टाकलं.

ता. १२, बुधवार

पादत्राणाच्या दुकानात भांडण झालं. महिनाभरापूर्वी घेतलेल्या सँडलचा पट्टा सैल पडला. दोन भोकं आत घेतला तरी टाच निसटते. दुकानदार म्हणतो, “बाई, पाय बारीक झाला असेल.” मी म्हटलं, “पायाचं माप मी रोज घेते, तुम्ही मला शिकवू नका. चामडं हलकं वापरलंय ते सांगा.” बदलून दिली नाहीत. तिथून पायीच घरी आले, रागाच्या भरात. मधल्या बाकावर बसायचीही आठवण राहिली नाही.

उशांमधली एक कुठे गेली कळत नव्हतं. कपाटावर सापडली. मी दोनच घेऊन झोपत होते म्हणे, चार दिवस झाले.

आणि हल्ली हे सकाळी माझ्या आधी उठतात आणि माझ्याकडे टक लावून बसतात. विचारलं तर म्हणतात, चष्मा शोधतोय. चष्मा नाकावर. वय झालं यांचं.

ता. १५, शनिवार

दवाखान्यात वजन केलं. दीड किलो कमी. रक्त घेतलं. सिस्टर फीत काढायला लागली तेव्हा मी म्हटलं, “सकाळीच घेतलंय, साडेसव्वीस. तुझ्यापेक्षा माझा हात बसलेला आहे. लिही.” तिनं लिहिलं. मागे अकरा जणांची रांग होती, तिचंही बरं झालं.

नंबर पाच भेटला. बसचा ड्रायव्हर आहे. सोमवारपासून त्याची सुई सुरू. अंगानं दांडगा, पण खुर्चीतून उठताना खुर्चीच त्याला उठवते असं वाटतं.

“ताई, तुम्ही पुढची गाडी,” म्हणाला. “तुम्ही खड्ड्यात गेलात की मला ब्रेक मारता येईल.”

“आणि मी नाही गेले तर?”

“तर मी तुमच्या मागे सुसाट.”

अकरा महिने त्याला बस चालवू देत नाहीत. त्याच्या बसवर दुसरा बसतो आणि गिअर खरवडतो, ते त्याला घरापर्यंत ऐकू येतं म्हणाला. ते मला समजलं. माझ्या मशीनवर कुणी दुसरीनं पाय ठेवला तर मलाही ऐकू येईल.

ता. १९, बुधवार

डॉक्टरीणबाईंचा फोन.

“काकू, घरी गेल्यापासून घेर वाढलेलाच दिसतोय. इथे पंचवीस होता. वजन कमी झालंय, पण ते जेवण कमी झाल्यानं असेल. पाय जड वाटतात का?”

“नाही. हलके वाटतात.”

“हलके? पण माप तर जास्त आहे.”

“माप जास्त असेल तर पायही जास्तच असणार. मला काय वाटतं त्याचं सोडा. माझं माप चुकत नाही.”

पलीकडून कागद चाळल्याचा आवाज आला. मग म्हणाल्या, पाणी काढायची ती जुनी लघवीची गोळी उद्यापासून दुप्पट करा, शनिवारी बघू. बरं म्हटलं.

ता. २२, शनिवार

दवाखान्यातच आहे. काल पडले.

मशीनवरून दोऱ्याचं रीळ आणायला उठले आणि जमीन वर आली. कपाळाला टाका पडला. एकच, तोही ढोबळ, मी बारीक घातला असता. तोंड कापूस भरल्यासारखं कोरडं, रक्तदाब तळाला. तीस वर्षांत ज्या माणसाचा आवाज शेजाऱ्यांनी ऐकला नाही तो माणूस रुग्णवाहिकेवाल्यांवर असा ओरडला की मला शुद्धीवर येता येता लाज वाटली. एवढं काय झालं होतं.

आता सलाइन चालू आहे. आणि सुई बंद. माझी एकटीची नाही, सगळ्यांची. मोठे डॉक्टर येऊन उभे राहिले, या सगळ्या अभ्यासाचे मुख्य ते. म्हणाले, दुप्पट डोसातली पहिलीच व्यक्ती पडली, तेव्हा औषधावर संशय घ्यावाच लागेल. समिती बसेल. कदाचित हा डोसच रद्द होईल.

दुपारी ड्रायव्हर भेटायला आला. तो अजून इथेच आहे, पुरुषांच्या वॉर्डात.

“काल सकाळी अकरा पायऱ्या चढलो, ताई. न थांबता. पाचव्या सुईनंतर.” मग म्हणाला, “असो. तुम्ही जपा.”

रागावला असता तर बरं झालं असतं. त्याला दोन शब्द सुनावता आले असते.

संध्याकाळी सिस्टरनं घेर घेतला. तेवीस. मी म्हटलं, तुझी फीत ओढलेली आहे. यांच्याकडून माझी फीत मागवली होतीच. तिच्यासमोर मापलं, साडेपंचवीस. “बघ,” म्हटलं. ती बिचारी दुसरी फीत शोधायला गेली.

ता. २३, रविवार

हे लिहायचं नव्हतं. पण ही वही माझी आहे, इथे नाही तर कुठे.

सकाळी पडल्या पडल्या पुन्हा मापलं. सिस्टर आली की तिला तिसऱ्यांदा दाखवायचं होतं. फीत घोट्याभोवती फिरवली, आकडा बघितला, साडेपंचवीस. मग हाताकडे लक्ष गेलं. फितीच्या आत माझी दोन बोटं होती.

मी ती घातली नव्हती. ती आपली आपण गेली होती. गिऱ्हाईक समोर उभं राहिलं की पोट आत ओढतं, छाती फुगवतं, अंगाला चिकटून माप घेतलं तर कपडा तिसऱ्या दिवशी उसवतो. म्हणून फितीच्या आत दोन बोटं. माझ्या हाताखाली शिकलेल्या प्रत्येक मुलीला मी पहिल्या दिवशी हेच शिकवते. तीस वर्षांत हाताला अशी सवय लागली आहे की तो मला विचारत नाही.

बोटं काढून मापलं. तेवीस.

म्हणजे पाय सुजलेला नव्हताच. नऊ तारखेपासून एकवीस तारखेपर्यंत तेरा दिवस मी पायाचं नाही, पायजम्याचं माप लिहीत होते. त्यावरून त्यांनी गोळी दुप्पट केली. आणि नाव आलं सुईवर.

कुणालाही कळलेलं नाही. सिस्टर स्वतःच्या फितीला दोष देत फिरते आहे. मी गप्प बसले तर ते म्हणतील औषध वाईट होतं आणि विषय संपला. औषधाला कुठे अब्रू असते. मला आहे. या दवाखान्यात निम्म्या अंगांवर माझ्या मापाचे कोट आहेत.

हे दुपारी आले. “काय झालं?” म्हणाले. काही नाही म्हटलं. “काही नाही असं तुझं तोंड नाही,” म्हणाले. मी त्यांना घरी हाकललं. सिस्टर तिसरी फीत घेऊन आली तेव्हा मी झोपेचं सोंग घेतलं. परवाच कुणाला तरी सांगत होते, खोटं बोलायला वेळ लागतो. लागत नाही. नुसतं डोळे मिटायचे.

ता. २४, सोमवार

सकाळी ड्रायव्हरला घरी सोडत होते. माझ्या दारावरून गेला, लिफ्टकडे. जिन्याकडे बघितलंसुद्धा नाही.

मी घंटा दाबली. सिस्टर आली. म्हटलं, डॉक्टरीणबाईंना बोलाव आणि मोठ्यांनाही बोलाव. म्हणाली, “मोठे मीटिंगमध्ये आहेत.” म्हटलं, “मीटिंग माझ्यावरच आहे ना? मग मलाही बोलायचंय.”

दोघं आले.

“काय होतंय काकू?”

“माप चुकलं.”

“सिस्टरचं?”

“माझं. तिचं बरोबर आहे. हात द्या.”

डॉक्टरीणबाईंच्या मनगटाला फीत लावली, आधी माझ्या पद्धतीनं, दोन बोटं आत. आकडा वाचायला लावला. मग बोटं काढली आणि पुन्हा वाचायला लावला. त्यांनी वाचला. मग त्या माझ्याकडे न बघता फितीकडेच बघत राहिल्या.

“तुम्ही सांगितलं होतं मला, पाय हलके वाटतात म्हणून,” त्या म्हणाल्या. “मी तुमचं सोडून कागदाचं ऐकलं.”

“मीच म्हटलं होतं कागदाचं ऐका. आणि चूक माझी आहे, ती वाटून घेऊ नका. पुरायची नाही दोघींना.”

मोठे डॉक्टर हसले नाहीत. रक्ताचे कागद चाळले, मागचे आणि पुढचे. म्हणाले, “मूत्रपिंडाचे आकडे हेच सांगताहेत. अंगात जादा पाणी उरलंच नव्हतं आणि आपण आणखी पिळत होतो. वजन, पाय, सगळं एका बाजूला होतं. फक्त फीत दुसऱ्या बाजूला.”

“म्हणजे सुईनं काम केलं होतं?”

“तसं म्हणायला अजून शेकडो माणसं लागतील, बाई. पण तुमचा पाय तसं म्हणतोय खरा.”

मी खोडरबर मागितला. तर म्हणतात, खोडायचं नाही. चुकलेल्या आकड्यावर एकच आडवी रेघ मारायची, खालचा आकडा दिसला पाहिजे अशी. शेजारी लिहायचं काय चुकलं, मग सही आणि आजची तारीख.

“आमच्यात चूक उसवतात,” मी म्हटलं. “वरून इस्त्री मारली की गिऱ्हाइकाला पत्ता लागत नाही.”

“इथे पत्ता लागलाच पाहिजे,” मोठे म्हणाले.

तेरा रेघा मारल्या. तेरा वेळा लिहिलं, ‘दोन बोटं आत होती’. तेरा सह्या. माझी सही म्हणजे आधीच एकेक अक्षर उचलून ठेवायचं काम, त्यात सलाइनची सुई हातात. दीड तास लागला. पहिल्या पाच करताना वाटलं जमीन फाटावी. सहावीपासून राग आला. दहावीपासून अक्षर चांगलं यायला लागलं. शेवटची सही तर अशी आली आहे की फ्रेम करावी. डॉक्टरीणबाई तोवर शेजारी बसून होत्या. त्यांनी त्यांच्या कागदावर त्यांचं लिहिलं, रेघ मारून.

ता. २७, गुरुवार

घरी आले. पण निघायच्या आधी काम लागलं. छापील वहीत आता एक चित्र घालायचं आहे, घेर कसा मापायचा त्याचं. फीत कातडीला टेकवून, बोट आत न घालता. मला दाखवायला आणलं. म्हटलं, हा पाय आहे की पाव? फीत घोट्याच्या हाडावर दाखवली आहे, वर कुठे घ्यायची ते लिहिलेलं नाही. एक घेईल इथे, दुसरा तिथे. हाडाच्या वर किती बोटं ते ठरवून घातलं पाहिजे. डॉक्टरीणबाईंनी सगळं लिहून घेतलं. शेवटी चित्र रद्द केलं आणि माझ्याच पायाचा फोटो काढला.

वन्संना सांगितलं.

“तोंडाचा नाही काढला ते बरं केलं,” म्हणाल्या.

पण संध्याकाळी जिन्यात त्या खालच्या मजल्यावरच्या बाईला सांगताना ऐकलं, “आमच्या वहिनीचा पाय छापून येणार आहे. सगळ्या दवाखान्यांत.” सगळ्या नाही, दोनच. मी वरून ओरडून दुरुस्त केलं नाही. जिने चढून आल्या होत्या, दमल्या असतील.

ता. ३१, सोमवार

समितीचं पत्र आलं. ज्यांना ज्यांना सुई दिली होती त्या सगळ्यांना गेलंय. माझ्या आधी ड्रायव्हरचाच फोन आला.

“ताई, उद्यापासून माझी सुई सुरू.”

“माझी गुरुवारपासून.”

“तुमच्यामुळे झालं बघा.”

“माझ्यामुळेच बंद पडली होती.”

“ते आहेच,” म्हणाला. “पण ब्रेक मारणारा वेगळा आणि तो सोडणाराही वेगळा असतो का कधी?”

ड्रायव्हर लोक फार बोलतात.

पत्र जड भाषेत आहे. यांना म्हटलं, वाचा. यांनी आधी चष्मा पुसला. मग खुर्ची खिडकीकडे ओढली. मी म्हटलं, “अहो, वाचताय की मुहूर्त बघताय?” तेव्हा वाचलं. पडण्याचं कारण नवं औषध असण्यापेक्षा लघवीच्या गोळीचा वाढीव डोस असण्याची शक्यता अधिक. अभ्यास पुढे चालू ठेवण्यास हरकत नाही. मापाच्या सूचना बदलल्या आहेत. आणि खाली: ‘सहभागी क्रमांक चार यांनी मापातील चूक स्वतः लक्षात आणून दिली, याची समिती नोंद घेत आहे.’

“ते खालचं पुन्हा वाचा,” मी म्हटलं.

यांनी वाचलं. ‘स्वतः’वर जरा थांबले. मग कागद घडी करायला लागले, घडी केली, परत उघडली आणि तिसऱ्यांदा वाचलं, मोठ्यानं, शेजारी ऐकू जाईल असं.

तिसऱ्यांदा मी सांगितलं नव्हतं.